सिद्धतेतली फट

कार्तिकात साजगावच्या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार भरतो. म्हणून तिथला विठोबा 'बोंबल्या विठोबा'. समजा, तेथे एका विक्रेतीने आपला भाव चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवला, कुलूप लावून पेटी गिऱ्हाइकाला दिली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. आता गिऱ्हाइकाला भाव आधी कळत नाही आणि विक्रेतीला तो फिरवता येत नाही. दोघे दूर असतील, तर अशी पेटी प्रकाशकणांची करता येईल का?

ब्रासार, क्रेपो, जोझा आणि लांगलोआ यांनी १९९३ साली तशी योजना मांडली. ती दोन्ही पक्षांना अभेद्य असल्याचे सिद्ध झाले आहे, असा दावा निबंधाच्या शीर्षकातच होता.

अशा योजनांची मूळ कल्पना सोपी आहे. '०' साठी उभ्या किंवा आडव्या ध्रुवणाचे फोटॉन पाठवायचे, '१' साठी दोन तिरप्या ध्रुवणांचे. प्रत्येक फोटॉनचे ध्रुवण यदृच्छया निवडल्यामुळे गिऱ्हाइकाला दोन्ही प्रवाह सारखेच भासतात. शेवटी विक्रेती ध्रुवणांची यादी देते आणि तो ती आपल्या मोजमापांशी ताडून पाहतो.

पण विक्रेतीने एकमेकांत गुंतलेल्या फोटॉनांच्या जोड्या करून प्रत्येकीतला एकच फोटॉन पाठवला तर? उरलेले ती अखेरच्या क्षणी हवे तसे मोजते आणि सोयीची यादी तयार करते. ही फट बेनेट व ब्रासार यांनी १९८४ साली बंगलोरच्या परिषदेतील निबंधातच दाखवली होती. नव्या योजनेत ती बुजली, असे मानले गेले. १९९७ साली मेयर्स यांनी, तसेच लो आणि चाऊ यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की केवळ पुंजयामिकीच्या आधारे ती बुजतच नाही. शब्द जितका पक्का झाकावा, तितका तो फिरवणे सोपे!

आमचा आक्षेप चूक झाली याला नाही. 'सिद्ध' या शब्दाच्या वापराला आहे. माहीत असलेल्या लबाड्या अडवणे म्हणजे सिद्धता नव्हे. निसर्गनियम ज्या ज्या लबाडीला मुभा देतात, ती प्रत्येक अडवावी लागते.

म्हणून क्वांटम गूढलेखन सरसकट निकालात काढायचे काय? नाही. गुप्त किल्ली वाटताना दोन मित्र तिसऱ्या चोराविरुद्ध एकत्र असतात. तिथली सुरक्षितता या निकालाने ढळत नाही. येथे मात्र दोघांचा एकमेकांवरच विश्वास नाही. शिवाय प्रकाशापेक्षा वेगाने संदेश जात नाही, या नियमाची जोड दिल्यास वाट निघते, हे केंट यांनी १९९९ साली दाखवले.

वर्गात कोणी 'पूर्ण सुरक्षित' म्हणाले, की विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारायला शिकवावे: कोणापासून? आणि काय गृहीत धरून?