शिवडीच्या कबरी कोण वाचणार?

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत 'हेरिटेज वॉक' काढण्याची प्रथा आता मुंबईत रुळली आहे, आणि त्यांवर लेखही येत असतात. या लेखनाचे ऋण आम्ही मान्य करतो. व्हिक्टोरिया टर्मिनसचा, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा, वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० साली निवर्तला आणि शिवडीत विसावला, हे पुष्कळांना अशा लेखांतूनच कळले. १८६०च्या दशकात पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी येथील बागेची जमीन दफनासाठी निवडली, हा इतिहासही.

आमची तक्रार दृष्टीविषयी आहे. देवदूताचा तुटका पंख, शेवाळलेला क्रूस, पानांतून झिरपणारे ऊन, यांवर परिच्छेदामागून परिच्छेद खर्ची पडतात. सारे कसे गूढरम्य! दगडाखालचा माणूस मात्र साहेब असला तरच लेखात येतो. मेणबत्ती घेऊन आलेली विधवा आली तर छायाचित्राच्या कडेला.

याच भूमीत काका बाप्टिस्टांची कबर आहे. जोसेफ बाप्टिस्टा १८६४ साली माझगावच्या म्हातारपाखाडीत जन्मले. पण त्यांचे वडील मूळचे उत्तनचे, म्हणजे आजच्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतले. लोकमान्य टिळकांचे हे सहकारी १९१६ साली होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष झाले, १९२० साली आयटकच्या स्थापनेत अग्रभागी होते, १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. १९३० साली त्यांचे निधन झाले. गिरणगावाला लागून असलेल्या भूमीत कामगारांचा हा कैवारी निजला आहे, हे कोणत्याही संगमरवरी पंखापेक्षा बोलके आहे. लेखकांनी त्यांचे नाव घेतले तरी ते यादीतले एक नाव म्हणून. दगडापासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंतची वाट कोणी चालून दाखवीत नाही.

ती परक्याने का दाखवावी, असा प्रश्न येथे रास्त आहे. २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मृतिदिनी, आपली कुटुंबे आपल्या धर्मग्रामातील कबरींवर फुले वाहतात, आणि ते योग्यच. परंतु आपल्यापैकी मराठीत लिहिणारे किती जण शिवडीला वही घेऊन गेले? भाईंदरहून लोकलने ही वाट दोन तासांचीही नाही. गेल्यास देवदूत जरूर पाहावेत. मात्र आधी काकांच्या कबरीशी उभे राहून एक 'आमच्या बापा' म्हणावे आणि मग लेखणी उघडावी.