कौलं कधी बदलायची?

तेन्झिन त्सुंद्यूचा ‘माय काइंड ऑफ एक्झाइल’ हा लेख हरवलेल्या देशाबद्दल आहे, असंच त्याच्याविषयी बोललं जातं. मला तो कामाबद्दलचा लेख वाटतो, आणि त्याचं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात कच्चं, दोन्ही तिथेच सापडतं.

त्सुंद्यू भारतात जन्मलेला तिबेटी निर्वासित. एमए करायला तो मुंबईत होता. या लेखाला २००१ मध्ये आउटलुक-पिकाडोर पुरस्कार मिळाला. जानेवारी २००२ मध्ये चीनचे पंतप्रधान मुंबईत आले असताना तो ओबेरॉय हॉटेलच्या बाहेरच्या परांचीवर चढला आणि तिबेटच्या स्वातंत्र्याचा फलक फडकवला. तेव्हापासून लोक त्याला आंदोलक म्हणून ओळखतात आणि लेखही त्याच चष्म्यातून वाचतात.

पण नांदूरघाटात बसून मोबाइलवर हा लेख वाचणारा माणूस तिबेटपाशी अडकत नाही. तो अडकतो रस्त्यावर. त्सुंद्यूचे आईवडील हिमाचलच्या डोंगरांत रस्त्याच्या कामावर मजूर होते. काम पुढे सरकलं की मुक्कामही पुढे सरकायचा. असल्याच एका मुक्कामी, रस्त्याकडेच्या तंबूत तो जन्मला. तारीख कोणी लिहिली नाही. पुढे तीन कचेऱ्यांत तीन वेगवेगळ्या तारखा लागल्या. आई म्हणते, थकल्या-भुकेल्या माणसांत जन्माची नोंद करायला वेळ कोणाला होता?

हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. उचल घेऊन, मुकादमाच्या मागे ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांची पोरं फडाशेजारच्या कोपीत जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ‘१ जून’ टाकून दिलेली माणसं तर गल्लोगल्ली भेटतील.

सारखेपणा इथवरच. कोयता घेऊन गेलेला माणूस पट्टा पडला की गावी परततो. त्याच्याकडे रेशनकार्ड असतं, मत असतं, सरपंचाशी भांडायची सोय असते. त्सुंद्यूकडे आहे ते नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्यावर तो परदेशी आहे असं लिहिलेलं. फरक राज्यघटनेतच आहे. जगण्याचा हक्क देणारं कलम २१ प्रत्येक व्यक्तीला लागू होतं. कोणताही व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य देणारं कलम १९ फक्त नागरिकांना. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सहीच केलेली नाही. त्या करारात निर्वासितांच्या रोजगाराचं कलम आहे.

म्हणजे आपल्याकडे निर्वासिताचं काम ‘चालतं’, पण त्यावर त्याचा हक्क नसतो. गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. हिवाळ्यात शहराशहरांत लागणारी तिबेटी स्वेटरची दुकानं आपण सगळ्यांनी पाहिलीत. पण रस्त्याकडेची ती जागा कोणाच्या तरी मर्जीवर असते. २०१४ मध्ये केंद्राने तिबेटींच्या पुनर्वसनाचं धोरण काढलं, राज्यांनी त्यांना योजना आणि परवाने द्यावेत असं सुचवलं. सुचवणं आणि हक्क देणं यांत मोठं अंतर आहे.

ब्रिटनमध्ये उलटी तऱ्हा. आश्रय मागितलेल्या माणसाला निर्णय होईपर्यंत काम करायची मनाई असते. वर्षभर निकाल लागला नाही तर तो परवानगी मागू शकतो, तीही ठरावीक कामांपुरती. तिथे हात बांधून बसवतात. इथे हात राबू देतात, पण राबण्यातून काही आपलं होईल याची हमी देत नाहीत.

ही हमी नसली की काय होतं, ते त्सुंद्यूने कौलांतून दाखवलंय. कर्नाटकातल्या वसाहतीत त्यांचं घर पावसात गळतं. कौलं चाळीस वर्षांची. वडील ती बदलत नाहीत, कारण लवकरच तिबेटला परत जायचंय. गोठ्याचं मात्र दरवर्षी शाकारणं होतं, किडलेले खांब बदलले जातात. गुरांसाठीचं काम आजचं आणि स्वतःसाठीचं काम उद्यावर. वाट पाहणं माणसाच्या कष्टांना कसं वाकवतं, हे यापेक्षा साधेपणाने सांगितलेलं मी वाचलेलं नाही. इथे त्सुंद्यू भाष्य करत नाही, म्हणूनच ते लागतं.

माझी तक्रार याच्या पुढची आहे. रस्त्याच्या मजुरीला तो काही ओळी देतो आणि मायदेशाच्या ओढीकडे वळतो. रोज किती मिळायचा? मुकादम कोण होता? आईला किती दिवसांत परत कामावर जावं लागलं? आई तर लेखात एका उत्तरापुरती येते, आणि ते उत्तर लेखातलं सगळ्यात धारदार वाक्य आहे. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ (१९८०) आठवा. तिथे या देशाचीच माणसं उपरी आहेत, आणि टोपल्या विणणं, गाढवं हाकणं, गावोगाव फिरणं हे सगळं इतकं जवळून येतं की उपरेपण वेगळं सांगावं लागत नाही. मराठी वाचकाला या आत्मकथनांनी एक सवय लावली आहे: दुःख कळलं, आता कष्टाचा हिशेब दाखवा. त्सुंद्यूकडे तो हिशेब होता.

तो आला असता तर वाचकही अवघडला असता. कोणी देशासाठी रडलं तर आपल्याला हळहळून मोकळं होता येतं. मजुरीचा हिशेब मांडला, तर हा रस्ता वापरतो कोण, हा प्रश्न येतो.

तरीही लेख वाचाच. दहा-पंधरा मिनिटांचा आहे. परत जायचंय म्हणून घरच्यांनी फक्त पपई आणि भाजीपाला लावला होता; परसात सहज टाकलेल्या आंब्याच्या कोयांची मात्र झाडं झाली आणि त्यांना फळं धरली, असं त्यात येतं. ते वाचताना स्वतःला विचारा, की हाताने आंबा लावायला माणसाला कोणता कागद लागतो.