सालदारकी आणि व्हिसा

आखाजीला खानदेशात साल बदलते. गेल्या सालाचा हिशेब मिटतो, नवी उचल हातात पडते आणि भूमिहीन माणूस पुढच्या आखाजीपर्यंत एका मालकाच्या दावणीला बांधला जातो. त्याला सालदार म्हणतात. रोज किती तास राबायचे हे ठरलेले नसते. वर्ष पुरे होण्याआधी निघून जाता येत नाही, कारण उचल खाल्लेली असते. अलीकडे 'सालदार मिळत नाही' अशी तक्रार जळगाव-धुळ्याचे बागायतदार करतात. त्या तक्रारीतच या पद्धतीचे मर्म आहे : ज्याला दुसरीकडे जाता येते तो सालदार राहत नाही. १९७० नंतरच्या वर्षांत शहाद्यात (तेव्हा हा तालुका धुळे जिल्ह्यात होता) अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी भिल्ल शेतमजूर उभे केले, तेव्हा मजुरीच्या दराइतकाच हा बांधलेपणाही त्यांच्यासमोर होता.

आज मला लिहायचे आहे ते वरकरणी फार दूरच्या विषयावर. आपल्याकडचे उद्योग परदेशात शाखा काढतात, तिथे इथली माणसे नेतात आणि त्यासाठी त्यांना 'स्पॉन्सर' करतात. स्पॉन्सर करणे म्हणजे काय? परक्या देशाच्या सरकारला लिहून द्यायचे की, हा माणूस आम्हाला हवा आहे, त्याचे काम अमुक, पगार तमुक. त्या पत्रावर व्हिसा मिळतो. पत्र मागे घेतले की व्हिसाचा आधार जातो. उद्योजकांसाठीच्या भाषणांत, मार्गदर्शिकांत आणि यशोगाथांत हा विषय येतो तो फॉर्म, फी आणि विलंब यांची कटकट म्हणून. एक माणूस दुसऱ्या माणसाच्या राहण्याचा, खाण्याचा, मुलांच्या शाळेचा धनी होतो, हे त्या लेखनात कुठेच येत नाही. माझा आक्षेप या गाळलेल्या जागेवर आहे.

खानदेशला हा विषय परका नाही. जळगावच्या जैन इरिगेशनने २००६ पासून अमेरिकेतील ठिबक कंपन्या घेतल्या. २००७ साली इस्राएलच्या नानदान कंपनीत निम्मी भागीदारी केली, २०१२ साली उरलेला हिस्साही घेतला. आणि २०२३ साली आपला परदेशी सिंचन-व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन केला. केळी, डाळ आणि पाइपांच्या गावातून एक कंपनी समुद्रापार जाते याचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. या कंपनीवर माझा कसलाही आरोप नाही. माझा प्रश्न कुठल्याही कंपनीला लागू पडतो : परदेशी शाखेत पाठवायच्या माणसांची यादी कोण करतो, आणि त्या यादीत आपली माणसे कोणत्या दाराने शिरणार?

कायदा काय म्हणतो ते पाहा. अमेरिकेचा एल-१ व्हिसा कंपनीच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत बदलीसाठी आहे. मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष कंपनीत काम केलेले हवे, आणि माणूस एक तर व्यवस्थापक हवा किंवा त्याच्याजवळ कंपनीचे 'विशेष ज्ञान' हवे. एच-१बी व्हिसाला दरसाल ८५,००० ची मर्यादा आहे, पदवीची अट आहे, त्या कामाच्या प्रचलित पगाराची अट आहे. एल-१ ला अशी संख्येची मर्यादा नाही आणि प्रचलित पगाराची अटही नाही. इंग्लंडने २०२२ साली खास परदेशी कंपन्यांच्या पहिल्या शाखेसाठी 'विस्तार कर्मचारी' नावाचा व्हिसा काढला. सुरुवातीला पाच माणसे नेता येतात, आणि जास्तीत जास्त दोन वर्षे राहता येते. या साऱ्याचा गाभा एकच. 'विशेष ज्ञान' कोणाजवळ आहे ते प्रथम मालक ठरवतो; परक्या देशाचा अधिकारी मालकाने लिहून दिलेले तपासतो. ज्याचे नाव लिहिलेच गेले नाही, त्याचा अर्ज तपासायला त्याच्यासमोर येतच नाही.

आणि विशेष ज्ञान ही काय चीज आहे, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात सूत ओढायला ते तोंडाने शोषावे लागे, आणि त्या धोट्याला महाराचे ओठ लागलेले सवर्ण विणकराला चालत नव्हते. पगार विणकाम खात्यात जास्त होता. शे-दोनशे वर्षांचे कौशल्य नव्हे, ओठांचा विटाळ हे त्या बंद दाराचे कारण होते. पण बाहेरून दिसायला मात्र 'महार विणकामात नाहीत' एवढेच दिसे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. त्यांनी तो नाइलाजाने मागण्यांत घातला, आणि मालकांनी हसून सांगितले की, हा अन्याय असलाच तर तो आमचा नव्हे. मालकांचे बोलणे खोटे नव्हते, म्हणूनच ते जास्त झोंबते. दार कामगारांनीच बंद केले होते. मालकाने फक्त ते उघडायची तसदी घेतली नाही.

आजच्या कारखान्यात धोटा नाही. पण पाइप काढणाऱ्या मशीनवर वर्षानुवर्षे उभा असलेला, आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस असतोच. त्याचे ज्ञान विशेष नाही काय? ते आयटीआयच्या प्रमाणपत्रापुढे जात नाही, इंग्रजीत सांगता येत नाही, म्हणून पत्रात लिहिले जात नाही. इंग्लंडने तर जुलै २०२५ पासून कुशल कामगाराच्या व्हिसाला सर्वसाधारणपणे पदवीच्या पातळीचे काम आणि ४१,७०० पौंडांचा पगार अशी अट घातली. आपल्या सरकारचे वागणेही निराळे नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली दहावी नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर वेगळी नोंद होते, आणि आखाती व इतर काही देशांत कामाला जाण्याआधी त्याला सरकारी परवानगी घ्यावी लागते. हेतू संरक्षणाचा आहे, हे मान्य. पण शाळा कोणाची कुठे सुटली याचा इतिहास पासपोर्टच्या पानावरही उमटतो, हे आपल्या लेखकांच्या नजरेतून सुटू नये.

आता तिथे पोचलेल्यांचे बघू. परमिला तिर्की ही आदिवासी बाई २००८ साली इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला एका भारतीय कुटुंबात घरकामाला नेली गेली. साडेचार वर्षे, आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला अठरा तास काम. मजुरी तासाला अकरा पेन्स पडली. निजायला जमिनीवर फोमची गादी. पासपोर्ट मालकांच्या ताब्यात. तिला स्वतःचे बायबलही सोबत आणू दिले नव्हते. २०१५ साली न्यायाधिकरणाने तिला १,८३,७७४ पौंड देण्याचा हुकूम केला. त्याआधी, डिसेंबर २०१४ मध्ये, अपील न्यायाधिकरणाने म्हटले होते की जात 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकते. इंग्लंडच्या संसदेने २०१३ साली जातीला समानता कायद्यात घालायचे ठरवले होते. २०१८ साली सरकारने ते सोडून दिले आणि याच निकालाकडे बोट दाखवले. म्हणजे हक्क उरला तो एका मोलकरणीने लढून मिळवलेल्या निकालाच्या आधारावर. सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांच्या मुली शहरात घरकामाला जातात त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याने हा निकाल एकदा तरी वाचावा.

दुसरे प्रकरण अगदी वेगळ्या थरातले. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर खटला भरला. तक्रार अशी की, एका दलित अभियंत्याची जात वरिष्ठाने सहकाऱ्यांत उघड केली, आणि त्याने आक्षेप घेतल्यावर त्याला मागे टाकले. कंपनीने आरोप नाकारले. दोन वरिष्ठांविरुद्धचा भाग खात्याने एप्रिल २०२३ मध्ये मागे घेतला. खरेखोटे करणे माझे काम नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदबंदीचा कायदा केला. पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी तो मांडला होता. त्याच साली ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर सही करायचे नाकारले. या साऱ्या वादात एक साधी गोष्ट मागे पडली. एच-१बी वरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ग्रीनकार्डाची रांग भारतीयांसाठी दशकांची आहे, आणि त्या रांगेत त्याला उभा करतो तोही बहुधा मालकच. सही ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध जातीची तक्रार करणार कोण?

इथे कोणी म्हणेल, लाखांनी डॉलर मिळवणाऱ्याला तू सालदार म्हणतोस? ही तर सालदाराची थट्टा झाली. आक्षेप बरोबर आहे. एच-१बी वाला मालक बदलू शकतो, नव्या मालकाने अर्ज केला की तिथे कामाला लागू शकतो. सालदाराला हे कधी मिळाले? एल-१ वाल्याला मात्र ही मुभा नाही, तो त्याच कंपनीचा. आणि इथून निघण्याआधी 'अमुक वर्षे सोडणार नाही, सोडल्यास इतके पैसे भरीन' असा बाँड लिहून घेतात, ती उचलच आहे, फक्त ती हातात पडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशातून नव्याने आणायच्या एच-१बी साठी एक लाख डॉलर फी लावली. ती मालकाने भरायची. मालकाने एवढे मोजल्यावर 'तुझ्यावर किती खर्च केला' हे वाक्य किती वेळा ऐकावे लागेल, ते सालदाराच्या पोराला सांगायला नको.

बाबासाहेबही एका अर्थाने स्पॉन्सर झालेलेच होते. जून १९१३ मध्ये त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला : महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्याला गेले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. राहायला जागा मिळाली नाही, आणि पारशी सराईतून काठ्यांच्या धाकाने बाहेर पडावे लागले. सयाजीराव महाराज उदार होते. त्यांची कचेरी नव्हती. स्पॉन्सर चांगला की वाईट, या चर्चेत आपण गुंततो तेव्हा हा भेद विसरतो. पाठवणाऱ्याच्या मनावर सगळे ठरत नाही. यादी करणारा मधला अधिकारी, शेजारच्या टेबलाचा सहकारी, यांच्यावर ठरते.

आपल्या साहित्याने या माणसाची दखल किती घेतली? गाव ते मुंबई हे स्थलांतर दलित आत्मकथनांनी मराठीला शिकवले. 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) मध्ये नरेंद्र जाधवांनी परदेशी शिक्षणापर्यंतचा पल्ला आणला. पण तो विद्यार्थ्याचा, विद्वानाचा पल्ला आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून पुण्याच्या कंपनीत, तिथून करारावर बाहेर गेलेला, तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आडनाव विचारल्यावर घुटमळणारा माणूस अजून आपल्या कथेत नीट आलेला नाही. परदेशस्थ मराठी लेखनात तर जात घरी ठेवूनच विमानात बसल्यासारखी गायब असते. घुटमळणे हा तिथला खरा अनुभव आहे, आणि तो लिहिणाऱ्याला व्हिसाची भीती आहे हेही समजून घेतले पाहिजे. टोपणनावाने का होईना, लिहावे.

दलित उद्योजकांना माझा वेगळा प्रश्न आहे. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची संघटना, डिक्की, निघाली तेव्हापासून 'नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा' हे आपण ऐकतो. ठीक. मग आपल्यापैकी कोणी दुबईला, लंडनला शाखा काढील तेव्हा पहिल्या पाच माणसांत कोण जाईल? तिथेही 'इंग्रजी चांगले' या कारणाने तेच चेहरे जाणार असतील, तर विणकाम खात्याचे दार आपणही बंदच ठेवले.

खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि परदेशी बदलीच्या यादीवर तर कोणाचीच नजर नाही. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना आता दरवर्षी जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात किती स्त्रिया, किती दिव्यांग कर्मचारी, हे रकाने आहेत. कर्मचाऱ्यांच्या जातीचा रकाना नाही. जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थी संघटनांनी आणि प्राध्यापकांनी पहिली मागणी या रकान्याची करावी, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या रकान्याची : यंदा परदेशी पाठवले त्यांपैकी किती.