मेणबत्ती कोण विझवणार?

नव्वद सेकंद. त्याच्यावर एक सेकंदही नाही. 'टॉक टू मी' या सिनेमातला हा नियम आहे. सिनेमा बघून बरेच महिने झाले, तरी माझ्या डोक्यात त्यातल्या भुतांपेक्षा हा आकडाच जास्त फिरतो.

खेळ असा आहे. टेबलावर एक हात ठेवलाय. पांढरा, चिनीमातीचा वाटावा असा, आणि त्यावर कुणी कुणी काहीबाही खरडून ठेवलेलं. खुर्चीत बसायचं, पट्ट्यानं बांधून घ्यायचं. मेणबत्ती पेटवायची. तो हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, माझ्याशी बोल. समोर एक मेलेलं माणूस दिसतं, फक्त तुम्हालाच. मग दुसरं वाक्य म्हणायचं, मी तुला आत येऊ देतो. ते आत येतं. डोळ्यांची बुबुळं काळीभोर होतात, आवाज बदलतो, आणि भोवतीची पोरं फोन काढून शूट करत हसत सुटतात. नव्वद सेकंदांच्या आत कुणीतरी तो हात सोडवायचा आणि मेणबत्ती विझवायची. उशीर झाला, तर आत आलेलं परत जाईलच असं नाही.

(इथून पुढे गोष्ट शेवटापर्यंत सांगितली आहे. बघायचा असेल तर आधी बघून या. दीड तासाचाच आहे.)

डॅनी आणि मायकल फिलिप्पू हे ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचे जुळे भाऊ. त्यांचं 'राकाराका' नावाचं यूट्यूब चॅनेल होतं. मारामारी, नकली रक्त आणि फुल्ल वेडेपणा, असा मामला. अ‍ॅडलेडमध्येच झालेल्या 'द बाबाडूक' (२०१४) या भयपटाच्या सेटवर त्यांनी पडेल ते काम केलं. पुढे त्याच सिनेमाच्या निर्मात्यांनी यांचा पहिला सिनेमा काढला. खर्च साधारण ४५ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात किरकोळ. २०२२ साली तो अ‍ॅडलेडच्या महोत्सवात दाखवला गेला, जानेवारी २०२३मध्ये सनडान्सला गेला, तिथून अमेरिकेत ए-ट्वेंटीफोरनं उचलला आणि जगभरात नऊ कोटी डॉलरहून जास्त कमावून बसला.

कमी पैशाची खूण पडद्यावर दिसते, पण ती सिनेमाला मानवलीय. दोनचार घरं, एक हॉस्पिटल, एक रस्ता. भुतं बरीचशी मेकअपवर उभी आहेत आणि उरलेलं काम नटांचे चेहरे करतात. मियाचं काम करणारी सोफी वाइल्ड पहिल्यांदा तो हात धरते आणि सुटल्यावर जी हसते, ते हसू बघा. भीती नाही, नशा आहे. आता हे पुन्हा करणार, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं असतं.

भयपटातलं चांगलं-वाईट बहुतेक वेळा गणवेश घालून येतं. 'द एक्सॉर्सिस्ट'मध्ये (१९७३) सैतान पोरीच्या अंगात शिरतो, तर समोर पाद्री उभे राहतात. १९८१च्या 'फिअर नो इव्हिल' या असल्याच कमी खर्चाच्या अमेरिकन सिनेमात शाळेतला एक बुजरा मुलगा हाच खुद्द ल्युसिफर निघतो आणि त्याच्याशी लढायला देवदूत माणसाच्या रूपात आलेले असतात. म्हणजे पोरं तीच, शाळा तीच, पण लढाई वरच्यांची. आपण फक्त कुणाची सरशी होते ते बघायचं.

'टॉक टू मी'मध्ये देवदूत नाहीत. पाद्री नाही, मांत्रिक नाही, मंत्रही नाही. पलीकडे वाईट भरपूर आहे. अलीकडे चांगलं म्हणून काय आहे? एक घड्याळ, आणि फुंकर मारू शकेल असं एक तोंड. मला वाटतं, या सिनेमाचं सगळं बळ इथे आहे. त्यानं चांगुलपणाला इतकं लहान आणि इतकं स्वस्त करून ठेवलंय, की तो न करायला आपल्यापाशी काही सबबच उरत नाही.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे एक सिस्टिम दुसरीला काही विचारते, तेव्हा किती वेळ वाट बघायची ते आधी ठरवून ठेवावं लागतं. त्याला टाइमआउट म्हणतात. तो नसेल तर पहिली सिस्टिम उत्तराची वाट बघत लटकते आणि तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं लटकतं. पण आकडा लिहून भागत नाही. रात्री तीनला अलार्म वाजला तर उठायचं कुणी, हेही ठरवावं लागतं. फिलिप्पू बंधूंच्या पोरांना नियम तोंडपाठ आहे. ड्यूटी कुणाची, ते मात्र ठरलेलं नाही.

आता तो प्रसंग. जेडच्या घरी पार्टी चाललीय. तिची आई सू घरात नाही. एकेक जण हात धरतो, लाज जाईल असं काहीतरी करून बसतो आणि सगळ्यांच्या फोनमध्ये कैद होतो. जेडचा धाकटा भाऊ रायली, वय चौदाच्या आसपास, मलाही करायचंय म्हणून मागे लागतो. जेड नाही म्हणते. मग मिया त्याला परवानगी देते, ठरल्यापेक्षा कमी वेळ या बोलीवर. मिया वाईट मुलगी नाही. रायलीवर तिचा सख्ख्या भावासारखा जीव आहे. पण तिची आई दोन वर्षांपूर्वी गेलीय, तो अपघात होता की आत्महत्या हे तिला कुणी धड सांगितलेलं नाही, आणि नेमकी तीच आई रायलीच्या तोंडून बोलायला लागते.

वेळ संपते. बाकीचे मेणबत्तीकडे धावतात. मिया अडवते. अजून थोडं, एकच मिनिट. आईशी बोलायला मिळतंय म्हटल्यावर कोण घड्याळ बघेल? आणि मग रायली टेबलावर स्वतःचं डोकं आपटायला लागतो.

हा प्रसंग बघवत नाही, पण मला त्यातल्या रक्तापेक्षा त्याचं कारण जास्त लागलं. इथे कुणी दुष्टपणा केलेला नाही. रायलीचं जे होतं ते मियाच्या प्रेमामुळे, तिच्या दुःखामुळे होतं. सिनेमा म्हणतो, तुझं दुःख खरं आहे, कबूल. पण खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं असताना तुझं दुःख घड्याळाच्या आड येता कामा नये.

आजोळी नवरात्रात देवीच्या पुढे बायकांच्या अंगात यायचं. माझा त्यावर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण एक गोष्ट लहानपणापासून डोळ्यांपुढे आहे. केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाईच्या शेजारी एक दुसरी बाई कायम उभी असायची. ती घुमत नव्हती, हात जोडत नव्हती. तिचं लक्ष एवढ्यावरच, की ही पडली तर डोकं फरशीवर आपटू नये. पदर सरकला की ती सारखा करायची. सगळं ओसरलं की पाणी द्यायची. 'टॉक टू मी'मधल्या खोलीत ही बाई नाही. तिच्या जागी फोन आहेत.

सिनेमाच्या सुरुवातीलाच हे सांगून टाकलंय. एक मुलगा पार्टीतून आपल्या बिथरलेल्या भावाला बाहेर काढतोय आणि दोन्ही बाजूंनी लोक फोन वर करून शूट करतायत. पुढच्या काही क्षणांत चाकू निघतो. डॅनी फिलिप्पूनं मुलाखतींत सांगितलंय, की या सिनेमाच्या मुळाशी एक खरा व्हिडिओ आहे. शेजारचा एक मुलगा ड्रग्ज घेऊन जमिनीवर तडफडतोय आणि त्याचे मित्र मदत करायचं सोडून हसत शूट करतायत.

हे मी वाचलं आणि लॅपटॉप मिटला.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी हॉस्टेलवर होतो. जिओची सिमं नुकतीच आली होती, डेटा फुकट होता, सगळे सगळं शूट करायचे. एका रात्री लाइट गेले आणि कुणीतरी प्लँचेटचं काढलं. कॅरम बोर्ड उलटा केला, खडूनं अक्षरं लिहिली, मधोमध मेसमधून ढापलेली स्टीलची वाटी पालथी घातली. आमच्यातल्या एकाचे वडील त्या उन्हाळ्यात मोटरसायकलवरून पडून गेले होते. वाटी त्याच्या वडिलांच्या नावाकडे सरकायला लागली. ती माझा रूममेट ढकलत होता. मला माहीत होतं. त्या मुलाला सोडून सगळ्यांनाच माहीत होतं.

तो आधी हसला. मग त्याचा आवाज बदलला. अंगात वगैरे काही आलं नव्हतं, साधा रडका आवाज. वाटीकडे बघत तो म्हणाला, "आईला काय सांगू?" आम्ही तोंडावर हात दाबून हसू आवरत होतो. माझ्या हातात फोन होता. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी मध्येच थांबलो नाही, वाटीवरचा हात उचल असं रूममेटला म्हणालो नाही. लाइट आले म्हणून ते थांबलं. व्हिडिओ रात्रीच ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कुणीतरी भाजी वाढून घेताना ओरडलं, "आईला काय सांगू?" पुढे ते वाक्य जोक म्हणून सगळ्या मजल्यावर चाललं. दिवाळीनंतर तो बाहेर खोली घेऊन राहायला गेला.

मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो, की वाटी मी ढकलली नव्हती. मी फक्त शूट करत होतो.

सिनेमात खोट आहे, ती सांगायला हवी. रायली हॉस्पिटलात गेल्यावर पलीकडच्या जगाचे नियम सोयीनं वाकतात. मियाला केव्हा कोण दिसणार, खोटं काय आणि खरं काय, हे पटकथेला लागेल तसं ठरतं. वडिलांचं आणि आईच्या चिठ्ठीचं प्रकरण घाईत उरकलंय. इतक्या जखमी मुलाला मिया हॉस्पिटलातून व्हीलचेअरवर ढकलत बाहेर नेते आणि कुणी हटकत नाही, हे तर अजिबात पटत नाही. मिरांडा ओटोची सू सोडली तर मोठी माणसं नावापुरतीच आहेत.

पण या घसरत्या भागातही एक धागा घट्ट आहे. सुरुवातीला मिया आणि रायली गाडीतून जाताना रस्त्यात एक घायाळ कांगारू तडफडताना दिसतो. रायली म्हणतो, त्याला सोडव यातून. मियाला ते जमत नाही, ती गाडी पुढे काढते. शेवटी आईच्या रूपातलं भूत तिला पटवतं, की रायलीला मारलंस तरच तो सुटेल. ती व्हीलचेअर हायवेवर घेऊन येते. सुटका करणं, दया, प्रेम, सगळे चांगले शब्द आता भुताच्या तोंडी आहेत. शेवटच्या क्षणी रायली वाचतो आणि गाड्यांपुढे पडते ती मिया.

नंतर अंधार. लांब एक मेणबत्ती दिसते. मिया तिकडे जाते, एक हात धरते आणि समोर अनोळखी पोरं दिसतात, वेगळी भाषा बोलणारी, तोच खेळ खेळणारी. आता ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. तिला आत घेणार की नाही, किती वेळ ठेवणार, हे ती पोरं ठरवणार. पडदा काळा होण्याआधी मला पहिल्यांदा भुताचं वाईट वाटलं.

सिनेमा बघितला त्या आठवड्यात मी त्या मुलाला मेसेज केला. आठ वर्षांनी. त्या रात्रीबद्दल सॉरी, असा लांबलचक, चार वेळा खोडून लिहिलेला. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. "व्हिडिओ अजून आहे का?" मी लिहिलं, मी केव्हाच डिलीट केलाय. लगेच पुढचा प्रश्न आला. "बाकीच्यांकडे?"

ग्रुपमध्ये आम्ही चौदा जण होतो. एकेकाला विचारतोय. कुणी हसतं, कुणी विचारतं कुठला व्हिडिओ, एकानं तर आठवण म्हणून तोच मला परत पाठवला. नऊ जणांची उत्तरं आली आहेत.