चीनमधील नॅरोगेज रेल्वे आणि अनुबोधपटाचा ‘कर्ता’

चीनच्या ग्रामीण भागातून लोप पावत चाललेल्या नॅरोगेज रेल्वेंचे चित्रण करणाऱ्या चित्रफिती गेल्या तीसेक वर्षांत विपुल प्रमाणात निर्माण झाल्या. त्यांचे कर्ते प्रारंभी बहुतांशी परदेशी हौशी होते. पुढे चिनी छायालेखकही त्यांत सामील झाले. यांतील एक चित्रफीत पाहिली म्हणजे पुष्कळशा पाहिल्यासारख्याच होतात, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही. धुके, दुरून ऐकू येणारी शिट्टी, वळणावर दिसणारा धूर, जोडदांड्यांचे जवळून घेतलेले दृश्य; मग गाडी चौकटीतून निघून जाते आणि शेवटचा डबा दिसेनासा होताच दृश्य तोडले जाते. या चित्रफितींचे मूल्यमापन करावयाचे तर ते या तोडण्यापासूनच केले पाहिजे.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर या चित्रफितींतील प्रत्येक वाक्याचा कर्ता इंजिन हा आहे. इंजिन चढते, इंजिन धापा टाकते, इंजिन शेवटचा श्वास घेते. ड्रायव्हर व फायरमन हे फार तर करण; प्रवासी तर अधिकरणातही क्वचितच येतात. वस्तुतः धूर इंजिन काढीत नाही, फायरमन काढतो. हौशी मंडळींसाठी भाड्याने घेतलेली गाडी मागे नेऊन पुन्हा तीच चढण चढविली जाते आणि छायाचित्रास शोभेल असा दाट काळा धूर निघावा म्हणून भट्टीत कोळसा अधिक टाकला जातो. हे श्रम ज्याचे, तो मात्र चौकटीबाहेर राहतो.

लोकभाषेने या गाडीस दिलेले नाव येथे विचारात घेण्यासारखे आहे. चिनी भाषेत रेल्वेगाडीस ‘हुओछ’ म्हणतात. ‘हुओ’ म्हणजे आग व ‘छ’ म्हणजे गाडी. मराठीतील ‘आगगाडी’ हा शब्द अगदी याच घडणीचा आहे. (दोन्ही भाषांत आग विझली तरी शब्द टिकला, हे त्यांतील आणखी एक साम्य.) नॅरोगेज गाडीस लोक ‘श्याओ हुओछ’, म्हणजे लहान आगगाडी म्हणतात. ‘७६२ मिलिमीटर’ ही अभियंत्याची भाषा झाली. हे माप म्हणजे अडीच फूट. बार्शी लाइट रेल्वेचे व विदर्भातील ‘शकुंतले’चे मापही हेच होते. ज्याने अशा गाडीने प्रवास केला आहे, त्यास ‘लहान’ या विशेषणात रुळांच्या मापापेक्षा घरगुतीपणा अधिक आहे, हे सांगावे लागणार नाही.

सिच्वान प्रांतातील ज्यायांग कोळसा खाणीची रेल्वे हे याचे उत्तम उदाहरण होय. १९५९ साली सुरू झालेला हा मार्ग सुमारे २० किलोमीटर लांबीचा आहे. मीफंगयान येथे गाडीची दिशा उलटते; त्या रचनेस चिनी भाषेत ‘माणूस’ या अर्थाच्या अक्षराच्या आकारावरून नाव पडले आहे. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी जे रिव्हर्सिंग स्टेशन होते, त्याचाच हा लहान अवतार. खाणकामगारांच्या बागोउ या गावास दीर्घकाळ मोटररस्ता नव्हता; त्यामुळे बाजारहाट, शाळा, दवाखाना, कोंबड्या, डुकरे, भाजीच्या टोपल्या या सर्वांचे वाहन ही गाडीच होती. डब्यातील बोलणे सिच्वानी बोलीत चालते. चित्रफितींत मात्र त्यावर इंग्रजी किंवा प्रमाण चिनी निवेदन चढविलेले असते, अथवा व्हायोलिन. इंजिनाचा आवाज जतन करण्याची केवढी दक्षता, आणि माणसाचा आवाज पुसण्याची केवढी सहजता!

ईशान्येकडील हेइलोंगज्यांग प्रांतात ही उणीव अधिकच खुपते. तेथील वनरेल्वे लाकडासाठी होत्या. १९९८ च्या महापुरांनंतर नैसर्गिक वनांतील तोड आवरण्याचे धोरण आले आणि अनेक मार्गांचे प्रयोजनच संपले. हे कारण चित्रफितींत आलेच तर एका वाक्यात येते. ‘आधुनिकतेने वाफेचा बळी घेतला’ असा निष्कर्ष काढावयास त्या सदैव तयार. परंतु तोड थांबल्यावर लाकूडतोड्याचे व रूळ दुरुस्त करणाऱ्याचे काय झाले, हा प्रश्न त्यांस पडत नाही.

तुलनेसाठी वांग बिंग यांचा ‘त्येशी छ्यू’ (२००३) हा नऊ तासांहून दीर्घ अनुबोधपट घ्यावा. तो ग्रामीण नाही, त्यातील मार्गही नॅरोगेज नव्हे. शेनयांग शहरातील बंद पडत चाललेल्या कारखान्यांमधून फिरणारी ती रेल्वे आहे. तथापि त्याच्या तिसऱ्या भागात रुळांच्या आश्रयाने कोळसा वेचून जगणारे बापलेक आहेत. बापास अटक होते आणि मुलगा घरातील जुनी छायाचित्रे काढून दाखवू लागतो, तेव्हा छायालेखक थांबतो. गाडी गेल्यावरही तो थांबलेला असतो. बर्फातून इंजिनावरूनच घेतलेली दीर्घ दृश्ये त्यातही आहेत. परंतु तेथे इंजिन पाहण्याचे साधन आहे, पाहण्याचा विषय नव्हे. साधा व्हिडिओ कॅमेरा हाती असता हे साधले; तेव्हा हौशी चित्रफितींची उणीव साधनांच्या अभावाची आहे, असे म्हणता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, व तो टाळून चालणार नाही. ज्यायांगची रेल्वे आज टिकली आहे ती कोळशावर नव्हे, पर्यटकांवर. तिची कीर्ती दूरवर गेली ती याच सवंग चित्रफितींमुळे व छायाचित्रांमुळे. मोहरीवर्गीय पिवळ्या फुलांच्या हंगामात पर्यटक शेताच्या कडेला उतरतात, गाडी मागे जाते आणि वाफ सोडीत पुन्हा येते. म्हणजे ज्या दृश्यास टीकाकार कृत्रिम म्हणेल, त्याच दृश्याने इंजिनाच्या भट्टीत कोळसा राहिला आहे. आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच, की गाडीचे काम बदलले. कोळसा वाहणे सुटून स्वतःचे दर्शन देणे हे तिचे काम झाले. हे नवे काम मात्र कोणी चित्रित करीत नाही. एकमेकांचे तिपाये चौकटीत येऊ नयेत म्हणून छायालेखक एका ओळीत उभे राहतात. कॅमेरा काटकोनात वळविला तर ती ओळ दिसेल, दुसऱ्यांदा तीच चढण चढविणारा फायरमन दिसेल, आणि पर्यटकांच्या गाडीस वाट देऊन टोपली मांडीवर घेऊन बसलेली बागोउची म्हातारी दिसेल. ती काय बोलते ते ऐकण्यासाठी व्हायोलिन मात्र बंद करावे लागेल.