३ फेब्रुवारी १९५९ : एका दिवसाचे नामकरण

दिनविशेषाला वाङ्मयप्रकार म्हणून कोणी मान्यता दिलेली नाही. वृत्तपत्राच्या कोपऱ्यात किंवा नभोवाणीच्या सकाळच्या कार्यक्रमात तो वाचला-ऐकला जातो आणि विसरला जातो. तथापि त्याची स्वतःची अशी एक वाक्यरचना आहे आणि त्या रचनेतून इतिहासाविषयीची एक विशिष्ट समजूत वाचकाच्या मनात नकळत रुजते. सन, नाम आणि क्रियापद एवढ्यावर त्याचे वाक्य संपते. अमका जन्मला, तमका वारला, अमुक गीत प्रथम ध्वनिमुद्रित झाले. कारण सांगणाऱ्या उपवाक्याला तेथे जागा नसते. ३ फेब्रुवारी या तारखेखाली १८०९ साली जन्मलेला मेंडेल्सोन आणि १९५९ साली विमान-अपघातात मृत्यू पावलेला बडी हॉली एकाच ओळीत येऊन बसतात. त्यांचा संबंध तारखेपलीकडे काहीही नाही. असे असले तरी लोकप्रिय संगीताच्या इतिहासात या तारखेचे स्थान इतर तारखांहून वेगळे आहे. ती नुसती नोंद राहिली नाही. तिला नाव मिळाले. ते नाव कोणत्या संहितेतून आले, आणि त्याच्या व्याकरणाने काय दाखविले व काय झाकले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

घटना थोडक्यात अशी. १९५९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात ‘विंटर डान्स पार्टी’ नावाचा एक संगीत-दौरा निघाला होता. चोवीस दिवसांत चोवीस गावे असा बेत होता आणि गावांचा क्रम अंतराचा विचार करून लावलेला नव्हता. कडाक्याच्या थंडीत प्रवास बसने. बसमधील उष्णतायंत्र वारंवार बंद पडे. हॉलीच्या साथीतील ढोलवादक कार्ल बंच याचे पाय हिमदंशाने इतके बाधित झाले की त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. २ फेब्रुवारीच्या रात्री आयोवा राज्यातील क्लिअर लेक येथील सर्फ बॉलरूममध्ये कार्यक्रम झाला. पुढचा मुक्काम मिनेसोटातील मूरहेडचा. आणखी एक रात्र त्या बसमध्ये काढण्याऐवजी हॉलीने चार आसनांचे एक छोटे विमान ठरविले. भाडे दर माणशी ३६ डॉलर. त्याच्या साथीदारांसाठी ठरलेल्या दोन जागांपैकी एक वेलन जेनिंग्जने तापाने आजारी असलेल्या जे. पी. रिचर्डसनला दिली, दुसरी नाणेफेकीत रिची व्हॅलेन्सकडे गेली, अशी कथा आहे. मध्यरात्रीनंतर एक वाजण्याच्या सुमारास विमान उडाले आणि काही मिनिटांतच शेतात कोसळले. हॉली २२ वर्षांचा होता, व्हॅलेन्स १७, रिचर्डसन २८. वैमानिक रॉजर पीटरसन २१ वर्षांचा होता. दौरा थांबला नाही. त्याच रात्री मूरहेडला कार्यक्रम झाला, आणि उणीव भरून काढण्यासाठी बॉबी व्ही हा पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या सवंगड्यांसह रंगमंचावर उभा राहिला.

या दिवसाविषयीची पहिली महत्त्वाची संहिता गीत नव्हे, तर अहवाल आहे. अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक मंडळाने सप्टेंबर १९५९ मध्ये आपला निष्कर्ष दिला. संभाव्य कारण म्हणून त्यात वैमानिकाचा निर्णय दाखविला आहे: केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करावे लागेल अशा हवामानात, त्यासाठी आवश्यक ती अर्हता नसताना, त्याने निघण्याचे ठरविले. साहाय्यक कारणे दोन. हवामानाची माहिती देताना गंभीर उणिवा राहिल्या, म्हणजे बिघडत्या हवामानाच्या सूचना त्याच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. आणि विमानाचा कल दाखविणारे उपकरण त्याच्या परिचयाचे नव्हते, कारण त्याचा दर्शक नेहमीच्या उपकरणाच्या उलट रीतीने कल दाखवीत असे. ही भाषा रुक्ष आहे, पण तिच्यात कर्ता आहे, करण आहे, हेतू आहे. बस मात्र या वाक्यात येत नाही, दौऱ्याचे वेळापत्रकही येत नाही; मंडळाचे काम विमानापुरते होते. कर्तृपदी बसतो तो एकवीस वर्षांचा वैमानिक.

दुसरी संहिता त्याच वर्षी आली. टॉमी डी याचे ‘थ्री स्टार्स’ हे शोकगीत अपघातानंतर थोड्याच आठवड्यांत अमेरिकेत लोकप्रिय झाले. त्याचे शीर्षकच संख्याविशेषणाने सुरू होते. तारे तीन. अहवालात ज्याच्यावर कर्तृत्वाचा सारा भार होता, तो गीताच्या मोजणीत उरत नाही. शोकगीताकडून अपघाताच्या मीमांसेची अपेक्षा करणे अर्थातच अन्यायाचे होईल. परंतु येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की १९५९ साली शोकाचा विषय माणसे होती. गणना माणसांची होत होती, दिवसाची नव्हे. पुढील बारा वर्षे ३ फेब्रुवारीला सार्वजनिक असे नाव नव्हते.

ते नाव १९७१ साली डॉन मॅक्लीनच्या ‘अमेरिकन पाय’ या गीताने दिले. साडेआठ मिनिटांहून लांब असलेले हे गीत तबकडीच्या दोन्ही बाजूंवर विभागून काढावे लागले, आणि तरीही जानेवारी १९७२ मध्ये ते अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या स्थानावर पोचून तेथे चार आठवडे राहिले. १९५९ साली मॅक्लीन तेरा वर्षांचा होता आणि वृत्तपत्रे घरोघर टाकीत असे. बातमी त्याला त्या गठ्ठ्यातूनच कळली. गीतसंग्रह त्याने हॉलीला अर्पण केला आहे. गीतात मात्र तिघांपैकी कोणाचेही नाव येत नाही. माणसांची नावे गळाली आणि त्यांच्या जागी दिवसाला नाव आले: संगीताच्या मृत्यूचा दिवस. आज अपघाताचा उल्लेख बहुधा याच नावाने होतो, आणि ते नाव १९५९ मध्येच जन्मले असावे असा अनेकांचा समज दिसतो.

या नावाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. त्यात ‘मरणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. अकर्मक क्रियापद ‘कोणी’ आणि ‘कशामुळे’ हे विचारू देत नाही. मरण आपोआप घडते. अहवालातील निर्णय, न पोचलेली सूचना, उलटे उपकरण, आणि अहवालातही न आलेली ती गारठलेली बस, ही सर्व एका क्रियापदात विरून जातात. शिवाय त्या क्रियापदाचा कर्ता माणूस नसून संगीत आहे, आणि मूळ इंग्रजी नावात त्याला निश्चितवाचक उपपद जोडलेले आहे. त्यामुळे ‘ते संगीत’, म्हणजे त्या पिढीने आपले मानलेले संगीत, असा मर्यादित अर्थही निघतो आणि अवघे संगीत असा व्यापक अर्थही. गीताचे बळ या संदिग्धतेत आहे. मराठीत उपपद नाही. ‘संगीत मेले’ म्हटले की अर्थ व्यापकच होतो, आणि ‘ते संगीत मेले’ म्हटले तर ऐकणारा विचारतो, कोणते? मराठी रूपांतरकाराला हा प्रश्न टाळता येत नाही, ही त्याची अडचण नसून एक प्रकारचा लाभच आहे. दिवसाला नाव देण्याची मराठीची रीतही निराळी. ‘तुकाराम बीज’ या नावात व्यक्ती आहे, तिथी आहे, क्रियापद नाही. काय घडले याचे विधान ते नाव करीत नाही. तो दिवस कोणाचा एवढेच सांगते. मॅक्लीनच्या गीतातून आलेले नाव मात्र विधान आहे, आणि विधान म्हटले की ते खरे की खोटे हे तपासता येते.

तपासल्यास ते टिकत नाही. हॉलीच्या मृत्यूनंतर पंधराच दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, रे चार्ल्सने न्यूयॉर्कमध्ये ‘व्हॉट्ड आय से’ ध्वनिमुद्रित केले; पुढच्या दशकातील सोल संगीताची वाट ज्या मुद्रणांनी मोकळी केली त्यांत त्याची गणना होते. त्याच जानेवारीत डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने आपली तबकडी-संस्था काढली, जी पुढे मोटाउन म्हणून जगाला माहीत झाली. रॉक अँड रोलच्या अंताचा पुरावा म्हणून एल्व्हिस प्रेस्लीची लष्करातील भरती, लिट्ल रिचर्डचे धर्माकडे वळणे, जेरी ली लुईसच्या विवाहावरून उठलेले वादळ या गोष्टी सांगितल्या जातात. त्या खऱ्या आहेत. पण त्या १९५७-५८ मधील आहेत. नाव मिळालेल्या दिवसाने त्यांना मागाहून स्वतःकडे ओढून घेतले, असे म्हणणे अधिक योग्य.

व्हॅलेन्सच्या बाबतीत तर हे नाव उघडच अपुरे पडते. त्याचे ‘ला बाम्बा’ १९५८ साली ‘डॉना’ या गीताच्या मागील बाजूस निघाले होते. मूळ गीत मेक्सिकोतील व्हेराक्रुझ भागातील लोकगीत. गाणारा लॉस एंजेलिसच्या परिसरात वाढलेला मेक्सिकन वंशाचा मुलगा, ज्याला स्पॅनिश सहज बोलता येत नव्हते. घरातून निसटत चाललेल्या भाषेतील लोकगीत इंग्रजी बाजारात विजेच्या गिटारवर उभे राहिले, ही भाषाशास्त्राच्या अभ्यासकानेही थांबून पाहावी अशी घटना आहे. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या रॉक संगीताच्या दृष्टीने तेथे शेवट नाही, प्रारंभ आहे. १९८७ साली लॉस लोबोस या वाद्यवृंदाने चित्रपटासाठी तेच गीत पुन्हा गायिले आणि ते पहिल्या स्थानावर गेले.

नामकरणापूर्वी या तारखेला काहीच अर्थ नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. जो मीक या इंग्रज ध्वनिमुद्रण-निर्मात्याचे उदाहरण या विवेचनाला आडवे येते. १९६२ च्या ‘टेलस्टार’चा हा निर्माता हॉलीच्या स्मृतीने झपाटलेला होता, १९६१ साली माइक बेरीने गायिलेले हॉलीवरील श्रद्धांजली-गीत त्यानेच मुद्रित केले. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी, हॉलीच्या मृत्यूला बरोबर आठ वर्षे होत असता, लंडनच्या हॉलोवे रोडवरील आपल्या मुद्रणशाळेत त्याने घरमालकिणीवर गोळी झाडली आणि नंतर स्वतःवर. त्या वेळी तो कर्जात आणि मानसिक विकारात पुरता बुडालेला होता. दिनविशेषकार ही नोंद १९५९ च्या नोंदीखाली देतात आणि योगायोगाचे आश्चर्य वाटून घेतात. घरमालकीण त्यांच्या वाक्यात क्वचितच येते. येथेही मोजणी ताऱ्यांचीच.

तारखेचा सार्वजनिक विधी गीतानंतरचा आहे. सर्फ बॉलरूममधील वार्षिक स्मरणसोहळा १९७९ पासून होऊ लागला. अपघाताच्या शेतात १९८८ साली पोलादाचे एक स्मारक उभारण्यात आले: एक गिटार आणि तीन तबकड्या. रॉजर पीटरसनचे स्मारक त्याच जागी २००९ साली झाले, अपघातानंतर पन्नास वर्षांनी.