प्रवासी आणि चाकरमानी

अँटॉप हिलच्या ज्या सरकारी वसाहतींत आमचें बिऱ्हाड आहे, तेथें कायमचें असें कोणीच नसतें. बदलीचा हुकूम घेऊन मंडळी येतात आणि बदलीचाच हुकूम घेऊन जातात; त्यामुळें नव्या गांवाच्या पहिल्यावहिल्या हकीकती ऐकण्याचा योग आम्हांस वारंवार येतो. गेल्या वर्षीं शेजारच्या एका गृहस्थांचे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींत गेले, आणि त्यांचें पहिलें सविस्तर पत्र सगळ्या जिन्यानें वाचलें. (पत्र म्हणावयाचें तें जुन्या संवयीनें, आलें तें दूरध्वनीच्या पडद्यावर.) त्यांत रस्त्यांची स्वच्छता होती, रविवारीं कडेकोट बंद असणारीं दुकानें होतीं, पावाचे नानाविध प्रकार होते. सर्वांनीं कौतुक केलें. मुलाच्या मातोश्री मात्र तें दोनदां वाचून म्हणाल्या, "सगळं लिहिलंय हो, पण हा दिवसभर तिथे करतो काय आणि याच्याशी बोलतं कोण, ते कुठे आहे?"

इतकें नेमकें साहित्यपरीक्षण बरेच दिवसांत आमच्या ऐकण्यांत आलें नव्हतें. हाच प्रश्न आपल्या भाषेंतील परदेशगमनाच्या वाङ्मयास विचारून पाहावा असें मनांत आलें.

मराठींत प्रवासवर्णनांस तोटा नाहीं. अनंत काणेकरांचें 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' १९४० सालीं निघालें, तेव्हांपासून तर या प्रकारास डौल आला. पु. ल. देशपांडे १९५८ सालीं दूरचित्रवाणीचें शिक्षण घेण्यासाठीं लंडनास बी.बी.सी.कडे गेले, १९६० सालचें 'अपूर्वाई' हें त्या मुक्कामाचें फळ. तें आम्हीं किती वेळां वाचलें याची गणती नाहीं. तथापि वाचून उठल्यावर मनांत घोळतात तीं लंडनचीं माणसें. ज्या कामासाठीं लेखक तेथें गेले त्याची आठवण फारशी राहत नाहीं. हा दोष नव्हे. परतीची तारीख ठरलेल्या माणसाची ती प्रसन्नता आहे, आणि ती आपल्या जागीं गोडच आहे.

पण चाकरमानी निराळा. प्रवासी शहर पाहतो. चाकरमान्यास शहरच न्याहाळीत असतें, त्याच्या उच्चाराकडे, पोषाखाकडे, कामाच्या उरकाकडे. त्याला परक्या शहराचें खरें दर्शन घडतें तें पुलावरून नव्हे, कामाच्या मेजावर. हुकूम कोण देतो, चूक झाली तर बोल कोणास, आणि काम नीट झालें तर नांव कोणाचें, हें कळलें म्हणजे शहर कळलें. नेमका हाच भाग घरीं लिहावयाचा नसतो. कोंकणांतून परळ-लालबागेस आलेला माणूस मनिऑर्डरीच्या कुपनावर 'मी खुशाल आहे' एवढेंच लिही. जागा दोन ओळींची होती हें खरें. पण कागद मोठा मिळता तरी त्यानें अधिक लिहिलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

पंडिता रमाबाईंचेंच पाहा. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व त्यांचें 'इंग्लंडचा प्रवास' हें पत्ररूप वृत्त त्याच वर्षीं मराठींत छापलें गेलें. पुढें त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत संस्कृत शिकवूं लागल्या. तेथें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावें कीं नाहीं यावर वाद उठला. हिंदुस्थानांतील बिशपांनीं नको म्हणून कळविलें. बाईंनीं आपली बाजू बाणेदारपणें मांडली, परंतु ती इंग्रजी पत्रव्यवहारांत, आणि तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला १९७७ सालीं. म्हणजे मराठी वाचकास समुद्र लगोलग मिळाला; शिक्षिकेच्या खुर्चीवर बसल्यावर काय सोसावें लागलें, तें कळावयास सुमारें नव्वद वर्षें थांबावें लागलें. त्यांचें १८८९ सालचें अमेरिकेवरील पुस्तक थोरच आहे. तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिति यांचा असा विचार त्या काळीं दुसऱ्या कोणीं मराठींत केला नाहीं. पण तें लोकस्थितीचें पुस्तक. त्यांत एका परक्या बाईची पहिली सकाळ शोधूं नये.

या दृष्टीनें आम्हांस धर्मानंद कोसंबींचें 'निवेदन' (१९२४) पुनः वाचावेसें वाटलें. गोव्यांतील सांखवाळ गांवचा हा माणूस ज्ञानासाठीं घर सोडून निघाला. काशीस अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकला. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा भटकत पालि भाषेंत पारंगत झाला. कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडून त्यानें सयाजीराव महाराजांचें दरमहा ५० रुपयांचें साह्य पत्करलें, कां तर महाराष्ट्रांत राहून काम करतां यावें. असा निःस्पृह माणूस १९१० सालीं हार्वर्डच्या प्रा. जेम्स वूड्स यांच्या निमंत्रणावरून बोस्टनशेजारच्या केंब्रिज शहरीं गेला तो नवलाई पाहावयास नव्हे. हेन्री क्लार्क वॉरेन हा पंडित बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाचें संपादन अपुरें टाकून १८९९ सालीं वारला होता; तें पुरें करावयाचें होतें. काम किचकट: हस्तलिखितें जुळवावयाचीं, शब्दाशब्दाचे पाठभेद तपासावयाचे. वर देखरेख प्रा. चार्ल्स लॅनमन यांची. पुढें श्रेयाच्या प्रश्नावरून लॅनमन व धर्मानंद यांचें बिनसलें, आणि १९१२ सालीं ते काम तसेंच ठेवून परतले.

पैशाची हांव ज्यास नव्हती त्यानें नांवासाठीं कां अडून बसावें, असें कोणी विचारील. आमच्या मतें येथेंच त्या माणसाचें मोठेपण आहे. वेतन सोडणें हें स्वतःपुरतें असतें. पाठ कोणीं ठरविला हें ग्रंथावर खरें छापणें हा विद्येचा व्यवहार आहे, तेथें सौजन्य उपयोगी नाहीं.

'निवेदना'ची भाषा नांवाप्रमाणेंच आहे: निवेदनाची. बोस्टनच्या शोभेचें वर्णन शोधणाऱ्या वाचकाची येथें निराशा होईल. आमची तक्रार उलट आहे. काशी-नेपाळच्या भटकंतीस जेवढा ऐसपैस अवकाश मिळाला, तेवढा अमेरिकेस मिळालेला नाहीं. उपाशी पोटाची हकीकत मोकळेपणीं सांगणारा लेखक कामाच्या मेजापाशीं येतांच हात आंखडतो, असें आम्हांस वाटलें. कुपनावरच्या त्या दोन ओळींची संवय एवढ्या मोठ्या माणसासही सुटली नसावी. धर्मानंद मात्र हार्वर्डला पुनः गेले, एकदां नव्हे, अनेकदां. १९१८ च्या खेपेस मुलगी माणिक आणि दहा-अकरा वर्षांचा दामोदर हीं बरोबर होतीं.

'विसुद्धिमग्गा'ची देवनागरी आवृत्ति त्यांनीं १९४० सालीं मुंबईस भारतीय विद्याभवनाकडून काढली. हार्वर्डची रोमन आवृत्ति निघाली १९५० सालीं. तीवर संपादक वॉरेन आणि शोधक धर्मानंद कोसंबी अशीं नांवें आहेत. पण धर्मानंद १९४७ च्या जूनमध्येंच सेवाग्रामास निवर्तले होते. या दोहोंच्या आधीं, १९३७ सालीं, परळच्या गिरणगांवांत त्यांच्यासाठीं 'बहुजन विहार' उभा राहिला होता व ते तेथें कांहीं काळ राहिले. अनेक देश पायांखालीं घातलेला पंडित अखेर चाकरमान्यांच्याच वस्तींत, आमच्या या टेकडीपासून फार दूर नसलेल्या ठिकाणीं.

'निवेदना'ची आमची प्रत सध्यां शेजारीं वाचावयास दिली आहे. बाई काशीच्या अन्नछत्रापर्यंत आल्या आहेत. अमेरिका यावयास अद्याप अवकाश आहे.